दुभती हरणी आणि मध्यस्थ शेळी

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यात मला पाचवा महिना होता आणि मटण खावंसं वाटत होतं. मी ते सासूबाईंना सांगितलं, त्यांनी सासऱ्यांना. सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही, अशी त्या घरची रीत. लग्नाला दोन वर्षं झाली तरी आमचं एकमेकांशी एक वाक्य झालं नव्हतं.

सासऱ्यांकडे पिकाच्या राखणीची ठासणीची बंदूक होती. कर्जतकडच्या आमच्या माळावर हरणं शेळ्यांसारखी फिरत आणि हरभरा साफ करत. सुनेचे डोहाळेही पुरतील आणि हरभराही वाचेल, असा त्यांनी हिशेब केला. पाडसवाली मादी मात्र मारायची नाही, हा त्यांचा नियम. तो ते पारावर चारचौघांत मोठ्या तोऱ्यात सांगत.

त्या दिवशी सासूबाई आणि माझा नवरा कर्जतच्या बाजाराला गेले होते. मी ज्वारी खुरपत होते. बांधावर आमची दुभती शेळी बांधलेली, सासरे बार भरून बाभळीआड बसलेले. समोर हरभऱ्यात एक बिनशिंगाची हरणी एकटीच चरत होती. खुरपणाऱ्या बायांच्या बडबडीला हरणं भीत नसत.

सकाळीच तुरीच्या ओळीत माझा पाय एका पाडसावर पडता पडता राहिला होता. जमिनीला चिकटून निजलं होतं. हरणी पाडस असं दडवून ठेवते आणि लांब चरायला जाते. पुरुषांना हे ठाऊक नसे, कारण ते कधी खुरपायला वाकत नसत.

सासऱ्यांनी बंदूक खांद्याला लावली. सासूबाई नव्हत्या. मी शेळीकडं तोंड केलं.

"शेळे, ती हरणी दुभती हाय गं. पाडस तुरीत निजलंय तिचं."

नळी हलली नाही. सासरे हळूच म्हणाले, "शेळे, ती एकटीच हाय म्हणावं. पाडस असतं तर मागं दिसलं असतं."

"तू चरायला येतीस, तवा तुझं करडू घरी डालग्याखाली असतं. म्हून काय तू वांझ झालीस व्हय?"

सासरे खोकले. "लई श्यानी झाली ही शेळी. मटण कुणाला पायजे हुतं, इचार की तिला."

मटण मलाच हवं होतं. खरं सांगते, शिंगवाला नर असता तर मी शेळीला गप्प बसवलं असतं आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या असत्या. पण इथं मारायची एक आणि मरणार दोन.

"शेळे, एक आपल्या पातेल्यात आन् दुसरं उपाशी मरून कोल्ह्याच्या पोटात. पटत नसंल तर कास बघ म्हणावं."

सासऱ्यांनी डोळे बारीक केले. तेवढ्यात हरणी वळली आणि तिची भरलेली कास दिसली. त्यांनी बंदूक खाली घेतली. मग शेळीला वगळून सरळ मलाच विचारलं, "पोरी, कुठं हाय गं पाडस?"

"तिसऱ्या ओळीत, मामंजी," मीही बोलून गेले.

साठीचा माणूस चवड्यांवर चालत तुरीत गेला आणि तसाच परत आला. "आयला, कानसुदिक हलवत न्हाई!"

तिन्हीसांजेला सासूबाई बाजारातून आल्या. रिकामं पातेलं बघून म्हणाल्या, "शिकार कुठंय? कुणी आडवलं तुमाला?"

"शेळीनं," सासरे म्हणाले.

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी चूल फुंकत बसले.

मग सासऱ्यांनी कोंबडा कापला. त्याच्या बाजूनं कुणी बोललं नाही, मीही नाही. मी दोनदा रस्सा मागून घेतला, तोही सरळ सासऱ्यांकडून.