डावा हात आणि भाता

१९९८ च्या फेब्रुवारीत मी नागपूरला पियानोची पहिल्या श्रेणीची परीक्षा दिली. मी बारा वर्षांची होते. आमच्या घरी पियानो नव्हता. नाचणगावात तो कोणाच्याच घरी नव्हता.

पियानो होता पुलगावात, रेल्वे फाटकाच्या पलीकडे, एका सरकारी क्वार्टरमध्ये. तो मॅडमचा होता. मॅडम मूळच्या केरळच्या. नवऱ्याची बदली होईल तिथे पियानोही जात असे. उभ्या कपाटासारखा, काळा. उन्हाळ्यात लाकूड तडकू नये म्हणून त्या त्याच्या पोटात लोणच्याची बरणी पाणी भरून ठेवत. त्यांचा महिन्याचा किराणा आमच्या दुकानातून जाई. एकदा बाबांबरोबर मी पिशव्या पोचवायला गेले आणि तिथून हलेना. पुढच्या आठवड्यापासून मंगळवारी आणि शुक्रवारी शिकवणी सुरू झाली.

"घर पे बजाने को कुछ है?" मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं. मी "है" म्हणाले. काय आहे ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

घरी पेटी होती. बाबा भजनी मंडळात पेटी वाजवत आणि मंडळाची पेटी आमच्याकडेच राहत असे. पट्ट्या तशाच, पांढऱ्या आणि काळ्या. मला त्यात काही चुकीचं दिसलं नाही. डाव्या हाताने भाता मारायचा, उजव्याने वाजवायचं. धड्यात दोन्ही हात आले तेव्हा डाव्याचा भागही मी उजव्यानेच पाठ केला. असे पाच महिने गेले.

त्या पाच महिन्यांत माझी बोटं स्वस्थ नसत. फाटक बंद असलं की मी सायकलच्या हँडलवर वाजवत उभी राही. मालगाडी लांब असली की दुसरा धडाही होऊन जाई. मागे थांबणाऱ्या दूधवाल्याने एकदा विचारलं, "काय वं, मुंग्या चावून राह्यल्या का हातले?" शाळेत बाकावर बोटं आपटली म्हणून मला दोनदा उभं केलं होतं.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी मॅडमनी मला फक्त उजव्या हाताचा भाग वाजवायला सांगितला. मी वाजवत होते. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"ये बायाँ हाथ क्या कर रहा है?"

मी खाली पाहिलं. माझा डावा हात मांडीशेजारी हवेत पुढे-मागे होत होता.

"पंखा झल रही है? किसको? मेरे को तो गर्मी नहीं लग रही."

मग मी पेटीचं सांगितलं. मॅडमनी पियानोचं झाकण लावलं. नंतर दोन गोष्टी त्यांनी एकापाठोपाठ सांगितल्या. त्यांच्या नवऱ्याची बदली झाली होती आणि मार्चमध्ये पियानो जाणार होता. नागपूरला त्यांच्या ओळखीच्या एक बाई होत्या, त्या दर रविवारी शिकवत. पण पहिली श्रेणी उत्तीर्ण असलेल्या मुलांनाच घेत. परीक्षा फेब्रुवारीत होती. म्हणजे पास झाले तर पियानो चालू राहणार, नाही तर मार्चमध्ये संपणार.

"दो महीने हैं," मॅडम म्हणाल्या, "और तेरा बायाँ हाथ शादी में आए मेहमान जैसा बैठा है."

घरी हे सांगितल्यावर आई म्हणाली, "मंग सोडून दे. वर्ध्याले पेटीचा क्लास लाव." बाबांनी पेटी ओढली आणि तिच्या मागच्या बाजूला, माझ्या समोर, मांडी घालून बसले.

"भाता मी मारतो. तू दोन्ही हातानं वाजव."

दुपारी दोन ते तीन दुकानात गिऱ्हाईक कमी असे. त्या तासात आम्ही दुकानामागच्या खोलीत बसायचो. कोणी आलंच तर बाबा भाता सोडून उठत आणि सूर हळूहळू मरे. ते परत येईपर्यंत मी मुक्या पट्ट्यांवर पुढे वाजवत राही. शेंगदाण्याचा भाव, साखर आली का, कोणाच्या पोरीचं कुठं जमलं, हे सगळं त्या रचनांच्या मध्ये ऐकू येई. दुसऱ्या रचनेत डाव्या हाताचे सगळ्यात खालचे दोन स्वर पेटीवर नव्हते. पट्ट्या तिथे संपत. मॅडमनी सांगितलं, जागा सोडू नकोस, लाकडावर वाजव. म्हणून ते दोन स्वर मी पेटीच्या कडेच्या लाकडावर करंगळीने ठोकत असे. बाबा हसत. "दार वाजवून राह्यली का? ये म्हणा आत."

आठवड्यातले दोन दिवस मॅडमकडे खरे स्वर येत. तिथे मी बरी वाजवत होते, असं त्यांनी माझ्या वहीत लिहिलं आहे. वही माझ्याकडे आहे. जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी त्यांनी आणखी एक ओळ लिहिली: मध्ये थांबू नकोस. मी थांबते हे मला कळत नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी बाबा दुकान बंद ठेवून बरोबर आले. एका शाळेच्या हॉलमध्ये परीक्षा होती. त्यांना बाहेर व्हरांड्यात बसवलं. आत पियानो मोठा होता आणि त्याच्या पट्ट्या मॅडमच्या पियानोपेक्षा जड होत्या. परीक्षक टेबलाशी बसून लिहीत होते. पहिली रचना झाली. दुसऱ्या रचनेत चौथ्या मापाच्या, म्हणजे पहिल्या ओळीच्या, शेवटी माझे हात थांबले. मी मान वर केली. समोर पियानोचं काळं लाकूड होतं. परीक्षकांनीही मान वर केली. मग मी पुढे वाजवलं आणि आठव्या मापाशी पुन्हा थांबले. खालचे दोन स्वर आले तेव्हा मी ते लाकडावर ठोकायचे तसेच पट्ट्यांवर ठोकले. ते हॉलभर वाजले.

बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, "कसं झालं?"

"थांबली मी."

"काऊन?"

"तुम्ही तिथं भाता थांबवता म्हणून."

बाबांनी हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "तिथं ओळ संपते नं वं," ते म्हणाले. भजनात ओळ संपली की गाणारे दम घेतात आणि पेटीवाला भाता हलका करतो. बाबांनी वीस वर्षं तेच केलं होतं. दोन महिने माझ्यासमोर बसून त्यांनी दर चार मापांनी तेच केलं आणि मी तिथे थांबायला शिकले.

परतीच्या पॅसेंजरमध्ये आम्हाला खिडकीशी जागा मिळाली. मी खिडकीच्या गजावर बोटं ठेवली होती. सेलू स्टेशनला मी गजावर वाजवत होते आणि बाबांनी माझा हात धरून मांडीवर ठेवला, असं ते सांगतात. मला ते आठवत नाही.

मार्चमध्ये पियानो ट्रकमध्ये चढला. बरणी मॅडमनी आम्हाला दिली. निकाल त्यांच्या नव्या पत्त्यावर येणार होता आणि तिथून त्या पाठवणार होत्या. एप्रिल गेला, मे गेला. नागपूरचे वर्ग जुलैच्या पहिल्या रविवारी सुरू होणार होते. रोज अकराच्या सुमाराला मी दुकानाच्या पायरीवर असे.

"आलं का जी?" बाबा पोस्टमनला विचारत.

"आलं असतं तं खिशात ठेवलं असतं का म्या?"

तरीही दुपारी दोनला आम्ही पेटी काढत होतो. आता बाबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून भाता मारत. ओळ संपली तरी हात सारखाच चाले. पहिल्या आठवड्यात ते तीनदा चुकले आणि तिन्ही वेळा म्हणाले, "पुन्हा घे."

पाकीट जूनच्या शेवटच्या आठवड्यात आलं. आतल्या कागदावर उत्तीर्ण असं होतं. दुसऱ्या रचनेपुढे शेरा होता: दोन ठिकाणी लय थांबते, खालचे स्वर फार जोरात. बाबांनी शेरा मला दोनदा वाचायला लावला.

जुलैच्या त्या पहिल्या रविवारपासून मी नागपूरला जाऊ लागले. घरचा सराव पेटीवरच होता, बाबा समोर. श्रावणात गुरुवारच्या भजनात एका म्हाताऱ्या गायकाने मध्येच टाळ खाली ठेवून बाबांकडे पाहिलं. "शेठ, दम तं घेऊ द्या जी. आगगाडी हाकलून राह्यले का?" सगळे हसले. पुढच्या गुरुवारीही तसंच झालं.

२००१ मध्ये मी तिसरी श्रेणी उत्तीर्ण झाले. त्याच वर्षी भजनी मंडळाने पेटीवर बाबांच्या जागी दुसरा माणूस बसवला आणि स्वतःसाठी नवी पेटी घेतली. जुनी आमच्याकडे आहे. तिच्या डाव्या कडेच्या लाकडावरचं पॉलिश दोन ठिकाणी उडालेलं आहे.