ताज्या रंगाचा फेंडर

निवृत्त झालो तरी एक सवय काही सुटत नाही. कुठे पांढरी गाडी उभी दिसली की माझा हात तिच्या पुढच्या चाकावरच्या पत्र्यावरून फिरतो. "लोकांच्या गाड्या काय चाचपत हिंडता?" असं बायको म्हणते. ही सवय मला भोर-वेल्हे भागातल्या एका केसने लावली. ती आठवली की आजही अंगात तरतरी येते. नावं मात्र कोणाचीच घेणार नाही.

त्या भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. दिवस मावळायच्या बेताला फोन आला. मेंढरं घेऊन घरी चाललेल्या एका म्हाताऱ्या धनगराला पांढऱ्या कारने वळणावर उडवलं होतं आणि गाडी न थांबता निघून गेली होती. आम्ही पोचलो तेव्हा एक मेंढी रस्त्यात मरून पडली होती. त्या धनगरबाबांना लोकांनी टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं होतं. मांडीचं हाड मोडलेलं आणि शुद्ध हरपलेली. पंचनामा करताना आमच्या हवालदारांना गवतात काळ्या प्लास्टिकचा तळहाताएवढा तुकडा सापडला. कुठल्यातरी बंपरचा होता. तो सील करून मुद्देमालात घेतला. गाडीचा नंबर कोणीच पाहिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या जुन्या खबऱ्याचा फोन आला. "साहेब, गुंजवणे गावाच्या अलीकडच्या वाडीत एकाची नवीकोरी पांढरी गाडी हाय. पुढनं डाव्या अंगाला ताजा रंग मारलाय. माज्या डोळ्यानं बगितलं."

मी टोपी उचलली आणि निघालोच. तासाभरात गाडी ठाण्याच्या आवारात आली आणि मालक माझ्यासमोर उभा राहिला. तिशीतला, भातशेती करणारा गडी. गड बघायला येणारे पर्यटक आणि वाडीतली आजारी माणसं त्याच्याच गाडीतून जायची यायची. डाव्या फेंडरवरचा, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्यावरचा रंग इतका ताजा की वास येत होता. हेडलाइटच्या रबरावर फवाऱ्याचे पांढरे ठिपके उडाले होते.

"हे काम कधी केलंस?"

"न्हाई साहेब. शोरूममधनं आल्यापास्नं गाडीला कुणाचा हात लागला न्हाई."

"मग हा वास कसला?"

"नव्या गाडीचा."

हवालदारांना हसू आवरेना. मला मात्र संताप आला. इतकं उघडं खोटं बोलणारा माणूस मी फार कमी वेळा पाहिला होता. गोडीने विचारलं, दरडावून विचारलं, चहा पाजून विचारलं. उत्तर तेच. इकडे बाबांचे नातेवाईक ठाण्याच्या फाटकाशी येऊन उभे राहिले होते. याच्या नावावर हा गुन्हा लागला की गाडीत कोण बसणार आणि गावात कोण याच्याशी बोलणार? हे त्यालाही कळत होतं. तरी गडी बधेना. खरं सांगतो, मी अटकेच्या कागदांची तयारी सुरू केली होती.

तेवढ्यात त्याचे वडील आले. हातात लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी. ते त्यांनी माझ्या टेबलावर ठेवून हलकेच सोडलं. आत गाडीचं वॉरंटीचं पुस्तक होतं, हळदकुंकू वाहिलेलं. घरातले मोलाचे कागद देव्हाऱ्यात ठेवायची त्यांची रीत, तसं हेही देवांच्या शेजारी ठेवलेलं.

"पोरानं कुणाला उडवलं न्हाई, साहेब. ह्यात कंपनीचा शिक्का हाय, बगा तुमी."

"मग आबा, पत्रा कशानं चेपला?"

"आमच्या बैलानं. नवी गाडी, आरशावानी लई चकाकत व्हती. त्येला आत दुसरा बैल दिसला आन दिली धडक. मंग भोरच्या मिस्तरीकडनं नीट करून आनली."

पोराने कपाळाला हात लावला. "आबा, घालवली की वॉरंटी."

मी खुर्चीतून उठलोच. सकाळपासूनचा गुंता एका वाक्यात सुटला होता. गाडी देताना शोरूमच्या विक्रेत्याने याला बजावलं होतं, बाहेरच्या मिस्त्रीचा हात लागला की वॉरंटी संपली. याने त्याचा अर्थ असा घेतला की चार बोटं रंग बाहेर मारला तरी इंजिनासकट सगळी हमी गेली. पोलिसांच्या कागदावर ते आलं की कंपनीला कळणार, म्हणून तो तोंड उघडत नव्हता.

"अरे, माणूस उडवल्याचा आळ घेतोस आणि वॉरंटी सांभाळतोस?"

"आळ फिटंल, साहेब. इंजिन गेलं तर दुसरं कुठनं आनू?"

मी धावत बाहेर गेलो आणि त्याची गाडी पुन्हा पाहिली. बंपर सगळा शाबूत, जुन्या धुळीचा, कुठे टवका नाही. तो मी सकाळीही पाहिला होता. 'बदलून घेतला असेल' अशी स्वतःचीच समजूत घालून मी पुढे गेलो होतो. मनात आरोपी आधी ठरला की डोळ्यांना हवं तेच दिसतं.

आमची जीप थेट भोरला. मिस्त्री दुकानातच होता, हात पुट्टीने माखलेले. त्याने मोबाईल पुसून पोराने पाठवलेला फोटो दाखवला. चेपलेला फेंडर आणि मागे दावणीचा बैल. तारीख अपघाताच्या आदल्या दिवसाची. वाडीवरचा पोर सुटला होता. मी निघणार तोच मिस्त्री म्हणाला, "अजून एक पांढरी गाडी आली व्हती, साहेब. तुमच्या त्या अपघाताच्या दुसऱ्या दिशी सकाळी. बंपर फुटलेला, फेंडर आत गेलेला. पुन्याचं पाहुणं व्हतं. म्या खरं ते सांगितलं. म्या रंग मारला तर तेवढ्या पत्र्याची रंगाची आन गंजाची हमी कंपनी देनार न्हाई. मंग पाहुणं म्हनलं, कंपनीच्याच वर्कशॉपला टाकतो."

"नंबर?"

"दर इचारायला आधी फोन केला व्हता. हितं मोबाईलात हाय."

मी तो फोन नंबर तिथेच उतरवून घेतला. तीस वर्षांच्या नोकरीतही अशा क्षणाची सवय होत नाही. नंबरवरून मालक कळला, मालकावरून वर्कशॉप, आणि दुपार कलायच्या आत आम्ही पुण्यात. जॉबकार्डवर, म्हणजे गाडीच्या कामाच्या नोंदीवर, कारण लिहिलं होतं, 'जनावर आडवे आले'. काढलेला बंपर विम्याच्या माणसाला दाखवण्यासाठी मागच्या शेडमध्ये ठेवला होता. पंचांसमोर सील फोडलं आणि गवतातला तुकडा त्या बंपरच्या भगदाडाला लावला. तो असा चपखल बसला की हवालदारांनी टाळी वाजवली. आतल्या क्लिपमध्ये लोकर अडकली होती, तिला लाल रंग. बाबांच्या सगळ्या मेंढ्यांच्या पाठीवर खुणेला तोच रंग होता. मालक संध्याकाळी सगळं कबूल झाला. रंगाची हमी जाऊ नये म्हणून तो आपण होऊन अशा जागी गेला होता जिथे प्रत्येक गोष्टीची नोंद होते.

निघताना मी वर्कशॉपच्या मॅनेजरला वाडीवरच्या पोराचं विचारलं; त्याची गाडीही त्याच कंपनीची होती. तो म्हणाला, बाहेरच्या कामामुळे फक्त त्या फेंडरच्या रंगाची आणि गंजाची हमी गेली. त्या कामाचा इंजिनाशी संबंध नाही, ती हमी तशीच राहते. मी तिथूनच पोराला फोन लावला. त्याने ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाला, "साहेब, लेखी देतील का?" मी पोट धरून हसलो आणि लेखी मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ते पत्र घेऊन मी स्वतः वाडीवर गेलो, भरदिवसा, वर्दीत. आदल्या दिवशी आम्ही त्याला सगळ्यांच्या देखत नेलं होतं, तेव्हा सगळ्यांच्या देखतच सांगायला हवं होतं. देवळासमोर उभं राहून मी सांगितलं, अपघात याने केला नाही, दोषी सापडला आहे, चूक माझी झाली. माझ्यासोबत आलेला धनगरबाबांचा मुलगा पुढे आला आणि त्याने पोराचे दोन्ही हात हातात घेतले. त्या दिवशी एक धडा घेतला. माणूस खोटं बोलतो म्हणजे तो काहीतरी लपवतो, एवढंच खरं. आपण शोधतो तेच तो लपवतो, असं नाही.

मग आबांच्या घरी गेलो. त्यांनी घोंगडी अंथरली, तांब्याभर पाणी दिलं, पत्र घेऊन देव्हाऱ्यात ठेवलं आणि समोर बसून राहिले. चहाचं काही विचारलं नाही. पोराला गावादेखत नेलेल्या माणसाला त्यांच्या जागी मीही विचारलं नसतं. पाणी पिऊन मी उठलो.