परसातलं कोर्ट आणि भिंतीतले पाच दगड

परवा साताऱ्यात नातीच्या घरी गेले होते. घरामागच्या लहानशा, उतरत्या परसात कृत्रिम गवताचं कोर्ट बसवायचं काम चालू होतं... हिरव्या गवताच्या गुंडाळ्या, गोंदाचे डबे, लेव्हल बघणारे कामगार. दुपारभर खुर्ची टाकून बघत बसले आणि मला आमच्या परसात अंथरलेलं मॅटिंग आठवलं.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. आमचं घर डोंगराच्या पायथ्याला होतं, परस इतकं उताराचं की भरली बादली ठेवली तर कलंडायची.

आमचे हे फौजेत होते. शेवटच्या रजेवर आले तेव्हा त्यांनी उताराच्या खालच्या अंगाला कमरेएवढी दगडी भिंत घातली आणि वरची माती ओढून जागा सपाट केली. आमच्या लेकीला, शैलाला रिंग टेनिस खेळायला... रबरी रिंग जाळीवरून फेकायची आणि झेलायची, तो खेळ. रजा संपली, हे गेले. दोन महिन्यांनी त्यांची गाडी दरीत कोसळल्याची तार आली.

पुढं दोन वर्षं त्या भिंतीला मी कुणाला हात लावू दिला नाही. तिच्यावर वाळवण नाही, धुणं नाही. शैलाची रिंग कपाटावर पडून होती.

मग शाळेच्या रिंग टेनिसच्या टीमच्या निवडीसाठी शैलाचं नाव घेतलं. सरावाला शाळा सुटल्यावर थांबावं लागणार होतं. दीर म्हणाले, बापाविना पोर, संध्याकाळपर्यंत बाहेर नको. शैला ताटावर नुसती बसून राहिली. मी म्हटलं, बाहेर नको तर घरी खेळेल. निवड दिवाळीनंतर होती.

वाचायला मी लग्नानंतर शिकले, किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून. वाचनालयातून खेळाच्या नियमांचं पुस्तक आणलं आणि मापं उतरवून घेतली. पुस्तकातलं कोर्ट आमच्या परसात मावेना, तेव्हा दोन्हीकडून थोडं कापलं.

परसातल्या मातीवरून पाय घसरायचा. सांगलीला माझ्या भावाच्या ओळखीनं क्रिकेटच्या मैदानावरचं जुनं, काथ्याचं मॅटिंग मिळालं. ते एसटीच्या टपावर टाकून आणलं. कंडक्टर म्हणाला, "आवं मावशी, येवढी मोठी चटई कुणाच्या लग्नाला?" लेकीच्या खेळाला, म्हटलं. "मग हिला हाफ तिकीट लावतो," म्हणाला.

शेजारचे आबा मदतीला आले. फौजेतले रिटायर्ड हवालदार. त्यांनी धुम्मसानं जमीन चोपली, मी दाभण-सुतळीनं फाटकं मॅटिंग शिवलं, शैलानं कडेनं लोखंडी खुंट्या ठोकल्या.

आणि भाद्रपदात एका दुपारी जोराचा पाऊस झाला... बघते तर अर्ध्या परसात घोटाभर पाणी. मॅटिंग खुंट्यांसकट वर आलेलं. काथ्या पाण्यात राहिला की कुजतो, हे आबांनी आधीच सांगितलं होतं.

आबांनी भिंतीवरून हात फिरवला आणि हसले. "सूनबाई, तुझ्या नवऱ्यानं हितं शेताचा ताल घातलाय. पाणी भाईर जाऊच द्यायचं न्हाई आसा. ऊस लावायचा आसंल तर लय झकास काम हाय."

खरंच होतं ते. शेतकऱ्याचा मुलगा... बांध घालायचा तो पाणी अडवायला, एवढंच त्यांच्या हाताला ठाऊक. फट म्हणून एक ठेवली नव्हती, सगळीकडं दगडाच्या चिपा बसवून बुजवल्या होत्या. आधीच्या पावसाळ्यांत पाणी सैल मातीत मुरून जायचं, जमीन चोपल्यावर ते मुरेना. आणि माझ्या पुस्तकात पाण्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

"बुडातलं पाच दगड काढायला लागतील. पाण्याला वाट होईल," आबा म्हणाले. मी नाही म्हटलं. भिंत ढासळेल, म्हटलं. खरं तर ती भीती नव्हती. त्यांच्या हातचं काही मला हलवायचं नव्हतं.

शैला पाण्यात उभी होती. "राहू दे आई. मला नाही खेळायचं," म्हणाली. चिडून नाही, रडून नाही... एखाद्या म्हाताऱ्या बाईनं म्हणावं तसं. तेरा वर्षांची होती ती. मी आबांकडं वळून म्हटलं, काढू या दगड.

आबांनी घरून पहार आणली, ती माझ्या हातात दिली आणि स्वतः पायरीवर बसून तंबाखू मळत राहिले. "सावकाश होऊ दे. घाई न्हाई कुणाला."

पहिला दगड काही केल्या हलेना. आबा पायरीवरूनच म्हणाले, "लय घट्ट बसवलाय की गड्यानं." मला हसू आलं. दोन वर्षांत ह्यांचं नाव निघाल्यावर हसू आलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

दगड निघाला आणि गढूळ पाणी धारेनं खाली पडलं. शैला माझ्या शेजारी येऊन बसली आणि हातानं माती उकरायला लागली. पाचवा दगड निघेपर्यंत दिवस कलला होता. भिंत होती तशीच उभी होती.

जाळीचे खांब हलायचे, म्हणून शैलानं ते दगड त्यांच्या बुडाशी गच्च बसवले. चौथ्या दिवशी मॅटिंग वाळलं. समोरून खेळायला कुणी नव्हतं, तेव्हा पदर खोचून मीच उभी राहिले. माझ्या हातून दर वेळी रिंग सुटायची. कुंपणापलीकडची शेजारीण म्हणाली, "वैनी, धरा की. चावायची न्हाई ती." दीर दोनदा येऊन बघून गेले.

शैलाची निवड झाली, पण राखीव म्हणून. "चालतंय की," म्हणाली आणि त्या संध्याकाळी पुन्हा जाळी बांधायला घेतली.

आबांना जाऊन बरीच वर्षं झाली. फौजी माणूस, ते पाच दगड त्यांनी पाच मिनिटांत उपटले असते. तसं न करता ते दुपारभर पायरीवर थांबून राहिले... त्याबद्दल त्यांचे आभार मानायचे माझ्याकडून राहून गेले, ते आज मानते.