पुड्यावर न लिहिलेली पिठी

धुळ्याच्या पापडवाल्याने आमच्या नानांना फसवलं. माझ्या दुकानात, माझ्या डोळ्यांदेखत.

नाना पिंप्राळ्यात माझ्या दुकानामागच्या गल्लीत एकटे राहायचे. दुपारी गिऱ्हाईक नसताना यायचे, एखादा पुडा उचलायचे आणि दारातल्या उन्हात हात लांब करून धरायचे. प्लास्टिकमधून पिवळसर उजेड त्यांच्या गालावर उतरायचा. ओठ हलायचे. मला नेमकी तेव्हाच डुलकी लागायची, आणि त्या गुंगीत वाटायचं, हा माणूस पुड्याशी बोलतोय.

"यामा काय शे?" आत काय आहे, हे ते पुड्यालाच विचारायचे. मी उत्तर दिलं, तर हाताने गप्प करायचे.

त्यांच्या नातीला ग्लुटेन सोसत नव्हतं. गव्हाचा कण पोटात गेला, की पोरगी आडवी. ती धुळ्याला आईबापांकडे असे, सुट्टीत नानांकडे येई. तिच्यासाठी या माणसाने स्वतःची पोळी सोडली होती.

एकदा हिंगाची डबी परत घेऊन आले. मी भडकलो. हातगाडीपासून दुकान उभं केलंय, हिंग मला शिकवू नका, म्हणालो. त्यांनी शांतपणे बारीक अक्षरांवर नख ठेवलं. हिंगात गव्हाचं पीठ. मी डबी परत घेतली, वर चहा पाजला. तुम्हीही घरची डबी एकदा बघाच.

मागच्या उन्हाळ्यात नात यायची होती, म्हणून त्यांनी उडदाचे पापड घेतले. पुड्यावर उडीद, मिरे, मीठ, पापडखार. नानांनी पुन्हा पुन्हा वाचलं. तरी मी त्यांच्यासमोर धुळ्याला फोन लावला. पापडवाला म्हणाला, गव्हाचा संबंधच नाही. नाना लहान पोरासारखे हसले.

नात आली, पापड खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात. सून येऊन तिला घेऊन गेली. तुम्हाला आता वाचता येत नाही, पोरगी पुन्हा इथे राहणार नाही, असं तिने सासऱ्यांना सुनावलं. नाना रिकामा पुडा घेऊन दुकानात आले. सवयीने उन्हात धरला.

"मी बठ्ठं वाचेल व्हतं, भाऊ." खरंच, एक अक्षर सोडलं नव्हतं त्यांनी.

मी सकाळच्या बसने धुळे गाठलं. कारखान्यात बाया पापड लाटत होत्या. प्रत्येक लाटी आधी परातीतल्या पिठात घोळवायची, मग लाटायची. चिमूट जिभेवर ठेवली. गहू.

"पिठी आहे ती, शेठ," पापडवाला म्हणाला. "पिठी कोणी सामानात धरतं का?"

मग म्हणाला, भावात कमी करून देतो. जन्मभर मी लोकांचे भाव पाडले. त्या दिवशी कमी केलेला भाव मला नको होता.

सुनेला फोन करून पिठीचं सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही माल विकणारे, तुम्ही असंच सांगणार.

नाना शिंदखेड्याला भावाकडे निघून गेले. दुपारचं ऊन अजून दारात त्याच जागी येतं, उंबऱ्यावर थोडं थांबतं, सरकतं. मला आता डुलकी लागत नाही.

पापडवाल्या, ती सून तुझ्याच गावात राहते. तिच्या दारात उभा राहा आणि तुझ्या तोंडाने सांग, म्हाताऱ्याने बरोबर वाचलं होतं. कधी जातोस, बोल.