खालच्याने कधी हलायचं

लिफ्ट दुरुस्त करायला नेहमी दोघं जातात. एक इमारतीच्या डोक्यावर, मशीनरूममध्ये. दुसरा तळाशी, लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात. सव्वीस वर्षं ही दोन माणसं जोडीनं काम करत होती आणि सव्वीस वर्षांत त्यांनी जागा बदलली नाही. त्यामुळे कंपनीत एकाला सगळे वरचा म्हणत आणि दुसऱ्याला खालचा. खालच्याची बायकोसुद्धा नवऱ्याच्या मित्राला ‘वरचे भाऊजी’ म्हणायची.

त्यांचा एक नियम होता. वरच्याने मोटार बंद करायची, ब्रेक लावायचा, तो लागला की नाही ते डोळ्यांनी बघायचं आणि मग लिफ्टच्या लोखंडी रुळावर पान्याने तीन ठोके मारायचे. ते सात मजले उतरून खाली येत. हाकेवर भरवसा नव्हता, कारण लिफ्टच्या त्या उभ्या पोकळीत कोणत्याही मजल्यावरचं कोणीही हाका मारतं. ठोके मात्र फक्त वरचाच मारणार. तीन ठोके आल्याशिवाय खालच्याने हलायचं नाही. आले की उतरायचं.

त्या दिवशी तीन ठोके आले. खालचा खड्ड्यात उतरला आणि लिफ्ट खाली आली.

तो आडवा पडला, दोन्ही हात अंगालगत. लिफ्टचं बूड त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर थांबलं. वरून कोणीतरी बाहेर पडलं, छत्री आपटली, शीळ घालत निघून गेलं. खालचा चाळीस मिनिटं तसाच पडून होता. बाहेर काढल्यावर अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. तो एवढंच म्हणाला, ‘‘तीन आले होते.’’

‘‘मी ठोकलेच नाहीत,’’ वरचा म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

कंपनीने कागदावर ‘ऐकण्यात चूक’ असं लिहिलं आणि प्रकरण मिटवलं.

खालच्याचं मात्र मिटलं नाही. त्याची मान खांद्यांत शिरली ती शिरलीच. घरात तो वाकून चालायला लागला. जणू छत त्याच्या एकट्यासाठी उतरवून ठेवलं होतं. दारात आला की उंबऱ्याशी थांबायचा, कान टवकारून. बायकोने ‘‘अहो, या ना आत’’ म्हटलं तरी हलायचा नाही. आपले कान खरं सांगतात की नाही, हेच त्याला कळेनासं झालं होतं. सव्वीस वर्षं ज्या कानांच्या जिवावर तो जिवंत राहिला, त्यांच्यावर आता कंपनीचा शिक्का होता.

कंपनीने त्याला आठ बैठका दिल्या. संगणकावरून, घरबसल्या. मनातला ताण शरीरात कुठे अडकून बसलाय ते शोधायचं आणि शरीराकडूनच तो सोडवून घ्यायचा, असे ते उपचार होते. आठ बैठकांनंतर खड्ड्यात उतरता आलं तर ठीक. नाही तर ऑफिसात फोनपाशी बसून लोकांच्या तक्रारी लिहून घ्यायच्या. ‘‘मी आणि फोनपाशी?’’ खालचा म्हणाला. ‘‘त्यापेक्षा मला लिफ्टमध्ये आरसा म्हणून लावा.’’

दुपारी चारला बायको स्टुलावर लॅपटॉप ठेवायची. पडद्यावर एक मॅडम यायच्या. त्यांच्यामागे पांढरी भिंत आणि एक झाड, जे कधीच हलत नसे. खोली एकच असल्यामुळे बायकोची आई, म्हणजे खालच्याच्या सासूबाईही खाटेवर बसलेल्या असायच्या.

‘‘पाय जमिनीवर टेकवा,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘जमीन तुम्हाला धरून आहे. हे जाणवतंय?’’

‘‘जमिनीखाली काय आहे ते कोणी बघितलंय?’’ खालचा म्हणाला.

‘‘छान. आत्ता शरीरात कुठे काय होतंय?’’

खालच्याने प्रामाणिकपणे तपासलं. त्याला तपासणी एकाच पद्धतीने येत होती. ‘‘तळमजला ठीक आहे. दुसऱ्या मजल्यावर, पोटात, थरथर आहे. तिसऱ्यावर दार अडकलंय. त्याच्यावरचं काही कळत नाही. वीज नाही तिकडे.’’

‘‘खूपच छान!’’

‘‘यात छान काय आहे गं?’’ सासूबाईंनी मुलीला विचारलं.

बैठकांमागून बैठका झाल्या. भिंतीला पाठ लावून मांड्या थरथरवायच्या. जबडा सैल सोडून गाईसारखा आवाज काढायचा. खालचा सगळं करायचा, हुकूम मानणारा माणूस होता तो. फरक मात्र सासूबाईंना पडला. त्याही खाटेवर बसल्या बसल्या थरथरायच्या, हंबरायच्या. तिसऱ्या बैठकीनंतर त्यांची गुडघेदुखी थांबली, पाचवीनंतर त्यांनी वीस वर्षांपूर्वी वारलेल्या नवऱ्याला मनसोक्त शिव्या दिल्या आणि त्या दुपारी गाढ झोपल्या. ‘‘जावईबापू, तुम्ही नीट हंबरत नाही,’’ त्या म्हणायच्या. ‘‘पोटातून काढा.’’

सातव्या बैठकीला मॅडम म्हणाल्या, ‘‘त्या वेळी हात वर करायला जागा नव्हती. पण शरीराला ढकलायचं होतं. ते ढकलणं अर्धवट राहिलंय. आज पूर्ण करू. उभे राहा. दोन्ही हात वर. वरून ते येतंय आणि तुम्ही ते अडवताय. अस्संच. मी पण करते तुमच्याबरोबर. धरून ठेवा. मी सांगेन तेव्हाच...’’

आणि पडदा गोठला. मॅडमचे दोन्ही हात वर, तोंड अर्धं उघडं. झाड तर आधीपासूनच हलत नव्हतं.

खालचा हात वर करून उभा राहिला.

पाच मिनिटं गेली. बायकोने लॅपटॉप थोपटला, खिडकीत नेला, परत आणला. ‘‘अहो, नेट गेलंय. सोडा हात.’’

‘‘तिने सांगितलं नाही.’’

‘‘ती सांगणार कशी? अडकलीय ती.’’

‘‘म्हणूनच,’’ खालचा म्हणाला. ‘‘वरचं माणूस अडकलं असताना खालच्याने हलायचं नसतं.’’

बायकोने मॅडमना फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. सासूबाईंनी आपले हात दहाव्या मिनिटाला खाली घेतले आणि ‘‘माझं झालं’’ म्हणून चहा मागितला. अर्ध्या तासाने खालच्याचे दंड थरथरायला लागले, बोटं पांढरी पडली. बायकोने हात धरून खाली ओढले, तर ते लोखंडाचे होते. सासूबाईंनी जरा वेळ बघितलं, मग उठून आपला ओला टॉवेल त्याच्या उजव्या हातावर वाळत घातला.

‘‘आई!’’

‘‘अगं, नाही तरी आहेतच ना ते वर.’’

तासाभराने बायको रडकुंडीला आली. त्या दिवसापासून तीन महिने ज्याचं नाव घरात कोणी घेतलं नव्हतं, त्याला तिने फोन केला. ‘‘वरचे भाऊजी, लगेच या. यांनी हात वर केलेत आणि खाली घेत नाहीत.’’

वरचा धापा टाकत आला. तिसरा मजला, आणि या इमारतीला लिफ्ट नव्हती. दारात त्याने मित्राला बघितलं. हात वर, एका हातावर टॉवेल, समोर पडद्यावर एक बाई, तिचेही हात वर. क्षणभर त्याला वाटलं, आपल्यालाच शरण येतायत हे दोघं.

‘‘हात खाली घे.’’

‘‘तू सांगू नकोस,’’ खालचा म्हणाला. ‘‘तुझं ऐकूनच गेलो होतो. की नव्हतो गेलो? तूच म्हणालास, ठोकलेच नाहीत. मग मी कोणाचं ऐकून गेलो?’’

वरचा खाटेच्या कडेला बसला. सासूबाई जरा सरकल्या. त्याने खिशातला पाना काढला, उगाच उलटासुलटा केला.

‘‘माझे बूट भिजले होते त्या दिवशी,’’ तो म्हणाला. ‘‘चप्पल घालून आलो होतो. चपलेचा खिळा वर आला होता. पायात रुतत होता. मोटार बंद करायच्या आधी म्हटलं, हे आधी बघू. चप्पल रुळाच्या टोकावर ठेवली आणि ठोकला खिळा.’’

‘‘किती वेळा?’’

वरच्याने मान खाली घातली. ‘‘तीन.’’

त्याने पाना मांडीवर ठेवला.

‘‘तिसऱ्या ठोक्याला खिळा बसला आणि मला कळलं मी काय केलं. ओरडलो मी, मोटारीकडे धावलो, तोवर लिफ्ट खाली पोचली होती. पण खाली कोण ऐकतंय हाका! कसं सांगणार होतो रे? मित्र मेला असता, आणि कशापायी, तर चपलेपायी. दुसरं काही कारण असतं तर सांगितलं असतं. हार्टअटॅक, भूकंप, काहीही.’’

‘‘म्हणजे ठोके आले होते,’’ खालचा म्हणाला.

‘‘आले होते.’’

‘‘मी नीट ऐकलं होतं.’’

‘‘तू नीटच ऐकलं होतंस.’’

‘‘मेल्या,’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘मोच्याकडे जायला काय झालं होतं तुला?’’

तेवढ्यात पडदा हलला. मॅडमचं तोंड पूर्ण उघडलं आणि मिटलं. त्यांचे हात अजून वरच होते, चेहरा घामेजलेला. ‘‘हॅलो? दिसतेय का मी? माझ्याकडे तुमचं चित्र हात वर करून अडकलं होतं. समोरच्याने धरून ठेवलं असेल तर मध्येच सोडायचं नसतं आम्ही. पण आता... म्हणजे, तुम्ही सोडताय का? की मी सोडू?’’

‘‘तुम्ही थांबा,’’ खालचा म्हणाला. त्यांच्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. तो वरच्याकडे बघत होता.

वरचा उठला. त्याने आधी पंखा बंद केला. तो पूर्ण थांबेपर्यंत खाली उभं राहून बघत राहिला. मग छताकडे बघितलं, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, डोळ्यांनी. मग खिडकीपाशी जाऊन गजावर पान्याने ठोकलं.

एक. दोन. तीन.

खालच्याचे हात खाली आले. टॉवेल पडला. पडद्यावर मॅडमचेही हात धप्पकन खाली आले आणि त्या दिसेनाशाच झाल्या, खुर्चीवरून घसरल्या बहुतेक. खालचा जमिनीवर बसला आणि पायापासून मानेपर्यंत असा हादरायला लागला की कपाटातली भांडी वाजली. कोणी त्याला धरलं नाही. सासूबाईंनीच हाताने सगळ्यांना मागे ठेवलं. ‘‘होऊ दे,’’ त्या अनुभवी माणसासारख्या म्हणाल्या. ‘‘आता निघतंय पोटातून.’’

‘‘छान,’’ पडद्याबाहेरून बारीक आवाज आला.

आठवी बैठक सासूबाईंनी घेतली.

सोमवारी सकाळी कंपनीचा एक साहेब वही घेऊन तळमजल्यावर उभा होता. तीच इमारत, तोच खड्डा. खालचा काठावर उभा राहिला. मान अजून थोडी आत होती, पण कान बाहेर होते. वरून तीन ठोके आले, स्पष्ट, सारख्या अंतराने.

खालचा हलला नाही. साहेबाने वहीत पेन टेकवलं.

मग खालच्याने त्या उभ्या पोकळीत तोंड घातलं आणि सव्वीस वर्षांचा नियम मोडून हाक मारली.

‘‘पायात काय आहे?’’

सात मजले वरून उत्तर आलं, ‘‘काही नाही! अनवाणी आलोय!’’

खालचा खड्ड्यात उतरला.