पंधरा मिनिटांवरचं अकोला

नांदगाव खंडेश्वरजवळ झेंडू आणि वांगी पिकवणारे केशवराव तसे कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण एका बाबतीत हट्टी. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी पिऊ नये, हा जुना नेम त्यांनी घट्ट धरून ठेवला होता. त्यांच्या बायकोनं, माणिकबाईंनी, तो केव्हाच सोडला. अकोल्याला जठारपेठेत लेकीकडे, हर्षाकडे गेल्या की त्या आठवडाभर राहून, चांगल्या जेवूनखाऊन येत. केशवराव मात्र उभ्याउभ्या जात आणि कोरड्या घशानं परतत.

त्यात मुतखडा निघाला. डॉक्टरांनी घडीघडी पाणी प्यायला सांगितलं, आणि केशवरावांचं अकोल्याला जाणंच खुंटलं. सोबत बाटली न्यावी, तर लेकीच्या घरात बसून आपलं पाणी पिणं म्हणजे तिचा अपमान, असंही त्यांचंच म्हणणं. आता अशा माणसापुढे कोण डोकं फोडणार? हर्षाची आठवण मात्र रोज येई. फोनवर नुसता आवाज ऐकून त्यांचं भागत नसे.

मग अमरावतीजवळ बेलोऱ्याच्या विमानतळावरून विमान उडू लागलं. शेजारच्या शेतातल्या देवानंदनं मोबाइलवर पाहून सहज सांगितलं की अमरावती ते अकोला विमानानं ऐंशीएक किलोमीटर, वेळ पंधरा-वीस मिनिटं. केशवरावांचा चेहरा खुलला. झटकन जायचं, लेकीला डोळे भरून पाहायचं आणि तहान लागायच्या आत परत. तिकीट एसटीसारखं तिथंच मिळत असेल असं धरून, हर्षाला येतो म्हणून कळवून, ते दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन बेलोऱ्याच्या फाटकाशी उभे राहिले.

फाटकावरच्या माणसानं त्यांची थट्टा केली नाही, हे त्याचे उपकार. इथून विमान मुंबईला जातं, असं त्यानं समजावलं. अकोल्याच्या शिवणीला धावपट्टी आहे, पण प्रवासी विमान नाही. मोबाइलनं नुसतं दोन ठिकाणांमधलं अंतर धरून वेळ काढून दिला, एवढंच. केशवराव खट्टू झाले. माघारी फिरावं असंही मनात आलं. पण हर्षा वाट पाहत असणार. शेवटी बडनेरा गाठून त्यांनी मिळेल ती गाडी पकडली.

जठारपेठेत पोचेपर्यंत दुपार कलली होती आणि कमरेत कळ उठली होती. हर्षानं पाण्याचा गडवा पुढे केला. केशवरावांनी सवयीनं नको म्हणून हात हलवला आणि ती हसेल म्हणून विमानाची सगळी फजिती सांगितली. ती हसली नाही.

"म्हंजे पंधरा मिनिटांत येऊन चालले गेले असते तुमी," ती म्हणाली. "बाबा, तुमी पानी नाई म्हनता ना, तवा मले दरवेळी वाटते, माही कूस उजवली नाई हेच तुमी मले सांगून राहिले."

केशवरावांना हे कधी सुचलंच नव्हतं. नेम आपला, तहान आपली, त्रासही आपल्यालाच, असंच ते इतकी वर्षं धरून चालले होते. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी गडवा उचलला आणि ते घटाघटा पाणी प्यायले; सदऱ्यावर सांडलं तरी थांबले नाहीत.

"अजून आन, माय," ते म्हणाले. "आज मी इथंच जेवतो."

हर्षा रिकामा गडवा घेऊन आत गेली आणि ओट्याशी उभी राहून पोटभर रडली.