केळीच्या आळ्यातलं अर्थिंग

सोलरच्या कोर्सचा अर्ज आणला तेव्हा मी पंचेचाळिशीचा होतो आणि रत्नागिरीपासून लांज्यापर्यंत मी वायर ओढली नाही अशी वाडी सापडणं कठीण होतं. तरी अर्ज आणावा लागला. कारण ज्यांच्या घरात मी पहिला दिवा लावला तेच लोक आता छपरावर पॅनल बसवायची वेळ आली की विचारायला लागले, "तुझ्याकडे त्या कोर्सचं सर्टिफिकेट आहे काय रे?" नव्हतं. मग काम घाटावरच्या पोरांना. असंच चाललं असतं तर उरलेलं आयुष्य मी पंख्याचे कंडेन्सर बदलत बसलो असतो.

दहावी पास हवा. होतो. आयटीआयचा दाखला हवा. होता, वाळवीनं एक कोपरा खाल्लेला, पण होता. आणि शेवटी, परवाना असलेल्या ठेकेदाराकडे काम केल्याचा अनुभवाचा दाखला. झालं! तिथेच घोडं अडलं.

आमच्याकडची रीतच तशी. घराची वायरिंग एक जण करतो आणि टेस्ट रिपोर्टवर सही दुसराच ठोकतो. त्या कागदाशिवाय मीटर येत नाही आणि परवान्याशिवाय त्या कागदावर सही चालत नाही. परवाना आमच्या ठेकेदारांचा, ज्यांना सगळेच काका म्हणतात. मी कातळावर उन्हात घण मारायचो आणि ते बाजारातल्या दुकानात पंख्याखाली बसून लिहायचे, "काम मी स्वतः केले." वीस वर्षं. मलाही तेव्हा बरंच वाटायचं, म्हणायचो, कागदांची कटकट आपल्यामागे नाही. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

कोर्सच्या ऑफिसातल्या बाईंना मी हे सगळं नीट सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अनुभव असेल हो तुम्हाला," त्या म्हणाल्या, "पण मला अनुभव नकोय, दाखला हवाय. शुक्रवारपर्यंत आणा."

अडला हरी गाढवाचे पाय धरी. गेलो काकांकडे.

"अरे मेल्या, असं कसं लिहून देऊ?" काका म्हणाले. "काम तू केलंस म्हटलं तर मग सही मी कसली केली? उद्या कोणी विचारलं तर मी जायचो आत!"

"मग मी वीस वर्षं काय गोट्या खेळत होतो?"

"तसं नाय रे. पण माझ्या हजेरीत तुझं नाव कुठे आहे?"

हजेरी! त्या माणसानं आयुष्यात कधी हजेरी ठेवली नव्हती. मी तिथून उठलो तो चहा तसाच टाकून. संतापानं नुसता लाल झालो होतो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करणार कुणाकडे? काकांना अडकवलं तर त्या सह्यांवर ज्यांचे मीटर लागले त्या घरांची चौकशी आधी झाली असती, आणि तिथल्या म्हाताऱ्यांनी मलाच शिव्या घातल्या असत्या. घरी येऊन अर्ज टीव्हीखाली सरकवला आणि बायकोवर उगाच खेकसलो.

गुरुवारी सकाळी काकांचा फोन. त्यांच्या स्वतःच्या घरावर पॅनल बसवायला माणसं आली होती आणि अडून बसली होती. जुनं अर्थिंग तपासल्याशिवाय ती पुढे हात लावणार नव्हती, आणि अर्थिंगचा खड्डा कुणालाच सापडत नव्हता. मधल्या काळात अंगणात फरशी घातलेली, तार गेली तिच्याखाली. नवीन खड्डा मारायचा तर खाली सगळा कातळ.

"अर्थिंग कुठे पुरलंस रे?" काकांनी विचारलं.

मला हसू येईना आणि राग आवरेना. म्हटलं, "मी? कागदावर तर तुम्हीच पुरलंय, काका. जरा आठवून बघा."

फोनवर मागे कुणीतरी घण आपटत होतं ते ऐकू येत होतं.

"ये," ते शेवटी म्हणाले. "कागद घेऊन ये."

मी गेलो तेव्हा काका ओटीवर चष्मा लावून बसले होते. त्यांनी माझ्याकडे न बघता लिहायला घेतलं. माझं पूर्ण नाव त्यांना मला विचारावं लागलं. 'माझ्या राहत्या घरासकट सर्व कामे यांनी केली' असं लिहिलं, सही केली, शिक्का मारला. कागद माझ्याकडे दिला, पण लगेच सोडला नाही.

"मग मी रे काय केलं इतकी वर्षं?" त्यांनी विचारलं.

मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि त्या माणसांना घराच्या मागे घेऊन गेलो. मोरीचं पाणी जातं तिथे केळी आहेत. अर्थिंगला ओल लागते, आणि कातळावर बारा महिने ओल राहील अशी तेवढी एकच जागा. आळ्याच्या डाव्या कडेला पाय रोवून उभा राहिलो आणि म्हटलं, "इथे खणा."